हिरवं पाणी

परवा रविवारी सकाळी सहालाच गाडीखाली घुसलो. मे महिना आणि त्यात बर्डी... नऊनंतर पार्किंगच्या फरशीला पाठ टेकवायची सोय नसते. काम साधं, कूलंट बदलायचं. इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. झाकण काढलं, रेडिएटरखालचा प्लग सैल केला, तर टबात हिरव्याऐवजी चहासारखं तांबूस पाणी! मागच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी चक्क नळाचं पाणी भरलेलं. बिलात मात्र कूलंट होतं.

बाबा गॅलरीतून बघत होते. "पाणीच तं लागते बे त्याला! फियाटमध्ये काय टाकत होतो मी?"

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे दुपार वाचण्यात गेली.

बाबांच्या बाजूने इतिहास भक्कम आहे. १८८६ मध्ये कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या गाडीत पाणीच होतं, तेही उकळून वाफ होऊन उडून जाणारं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा वाटेत मिळेल तिथे ती पाणी भरत गेली. (आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या आठवा. तेच.) मग मायबाखने १९०० च्या सुमारास मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, ८०७० बारीक नळ्यांचा. तेच पाणी फिरून फिरून गार व्हायला लागलं.

अडचण आली ती थंड देशांत. पाणी गोठताना फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. लोक हिवाळ्यात पाण्यात अल्कोहोल मिसळायचे, पण ते उडून जायचं. एथिलीन ग्लायकॉल हे रसायन वुर्ट्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकातच बनवलं होतं, पण गाडीपर्यंत यायला त्याला सत्तर वर्षं लागली. १९२७ मध्ये ते प्रेस्टोन नावाने अमेरिकेत डब्यातून विकायला आलं. विकणारी कंपनी युनियन कार्बाइड. हो, तीच भोपाळवाली.

म्हणजे हे मुळात बर्फासाठीचं औषध. मग नागपूरला कशाला? इथे गारठा पडला तरी रेडिएटर गोठत नाही! पण त्याचा दुसरा गुण आपल्या कामाचा निघाला. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण साधारण १०७ ला. वरून झाकण कुकरसारखा दाब धरतं, म्हणून उकळबिंदू आणखी चढतो. बाहेर ४५ असताना व्हरायटी चौकाच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की हे अंश मोलाचे वाटतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे गंज. बाबांच्या फियाटचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, गळला तर डाग देऊन परत चालू. माझ्या गाडीचा पातळ ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लास्टिकच्या. साध्या पाण्यातले क्षार तिथे कुरतडतात आणि थर धरतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं ते रोखतात, पण ती हळूहळू संपतात. कूलंट बदलायचं ते त्यासाठी. म्हणून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर वापरून दोनदा धुतलं, निम्मं-निम्मं भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली. तासाभराचं काम.

राहिला तो टब. पाण्यात जुनं कूलंट थोडंतरी असणारच. ग्लायकॉल गोड लागतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात. त्याचाच भाऊ डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तो ग्लिसरीनमधून पेशंटच्या पोटात गेला आणि १४ जण दगावले. त्यावर लेंटिन आयोग बसला. जुनी गोष्ट म्हणून सोडून दिली असती. पण २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं किडन्या निकामी होऊन आपल्याच नागपूरच्या दवाखान्यांत येत होती. खोकल्याच्या औषधात तोच सापडला, जवळपास निम्मा. वीसहून जास्त मुलं गेली. मेडिकलवरून तेव्हा रोज ऑफिसला जात होतो मी.

हे बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खाली आले, टबावर जुनी पाटी झाकली, वर वीट ठेवली.

संध्याकाळी ते पाणी कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये घेऊन गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "नालीत ओतून द्या ना भाऊ, सगळेच ओततात."

कॅन परत आणला. सध्या तो माळ्यावर आहे, बाबांनी त्यावर मार्करने मोठ्ठं "विष" लिहिलंय. कुठे द्यायचा हे नागपुरात कोणाला माहीत असेल तर सांगा.