विरार लोकलमधला धक्का आणि दूरच्या दीर्घिका

विश्व प्रसरण पावतंय, असं आपण कधीतरी शाळेत ऐकतो आणि विसरून जातो. मी विसरलो नाही, कारण मला एक बावळट प्रश्न पडला होता: मग विरार ते चर्चगेट हे अंतर का वाढत नाही?

गणित करून बघितलं. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जातात, आणि दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, त्यांचा वेग सेकंदाला साधारण ७० किलोमीटरनं वाढतो. (हा आकडा ६७ की ७३, यावर आजही भांडण आहे. दोन पद्धतींनी मोजलं की दोन उत्तरं येतात.) हाच दर पश्चिम रेल्वेच्या ६० किलोमीटरला लावला तर वर्षाला ४ मायक्रोमीटर येतात. मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. आणि प्रत्यक्षात तेवढंही वाढत नाही. रुळाचं पोलाद अणूंमधल्या विद्युत बलानं धरलेलं असतं, पृथ्वी गुरुत्वाकर्षणानं. जे असं घट्ट बांधलेलं आहे ते ताणलं जात नाही. आपली आकाशगंगासुद्धा नाही. ताणली जाते ती दीर्घिकांच्या समूहांमधली मोकळी जागा.

हा प्रश्न सुटला. दुसरा सुटला नाही, आणि तो त्याच गाडीतला आहे. नालासोपाऱ्याला लोकलनं करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे का फेकली जातात? पुस्तक म्हणतं, जडत्वामुळे. पण जडत्व कशामुळे? गाडीची गती बदलली हे माझ्या शरीराला कुणाच्या तुलनेत कळलं? प्लॅटफॉर्मच्या? प्लॅटफॉर्म तर पृथ्वीबरोबर फिरतोय. न्यूटननं उत्तर दिलं होतं: निरपेक्ष अवकाशाच्या तुलनेत. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांना ते पटलं नाही. जे दिसत नाही आणि मोजता येत नाही त्याच्या तुलनेत गती कसली? त्यांचा रोख दूरच्या ताऱ्यांकडे होता. थोडक्यात, ब्रेक लागल्यावर तुम्हाला ढकलण्यात साऱ्या विश्वाचा हात आहे. आइन्स्टाइन या कल्पनेवर फिदा होते, पण १९१५ च्या त्यांच्या सापेक्षता सिद्धांतात ती पुरती बसली नाही.

ती बसवायचा गंभीर प्रयत्न पुढे एका मराठी माणसानं केला.

जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा, वाढले बनारसमध्ये. वडील विष्णु वासुदेव नारळीकर यांना मदनमोहन मालवीयांनी १९३२ मध्ये हिंदू विद्यापीठात गणिताचं प्रमुखपद दिलं, तेव्हा ते जेमतेम २४ वर्षांचे होते. भारतात सापेक्षतेवर काम करणाऱ्यांची पहिली फळी त्यांच्याभोवती तयार झाली. घरात भिंतीवर फळा होता. मोरूमामा त्यावर गणिताचं एखादं आव्हान लिहून ठेवत आणि जयंतला ते सुटेपर्यंत पुसत नसत. अशा घरातला मुलगा केंब्रिजला गेला आणि फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली काम करू लागला.

हॉइल म्हणजे भांडखोर माणूस. विश्वाला सुरुवात होती, हे त्यांना मान्यच नव्हतं. विश्व प्रसरण पावतं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य अगदी हळूहळू निर्माण होत राहतं, त्यामुळे ते कायम सारखंच दिसतं, असा त्यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत होता. विरोधी कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांनीच दिलं.

आता वसईच्या वाचकांसाठी खास. ज्या कल्पनेवर हॉइल तुटून पडत, ती मांडणारा माणूस एक फादर होता. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांतून प्रसरणशील विश्व काढून दाखवलं. मग काही वर्षांनी, हे सगळं एका आद्य अणूतून सुरू झालं असावं, असं म्हटलं. चर्चचा माणूस विश्वाला आरंभ आहे म्हणतो म्हटल्यावर संशय येणारच. पण १९५१ मध्ये खुद्द पोपनी या विज्ञानाचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. गणिताला श्रद्धेचा टेकू नको, श्रद्धेला गणिताचा नको, ही त्यांची भूमिका. आमच्याकडे फादर मराठीत लिहितात, पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरतात, त्यामुळे मला यात फारसं नवल वाटत नाही. योगायोग असा की जानेवारी २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आणि त्याच्या पुढच्या, डिसेंबर २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे नारळीकर. एक धर्मगुरू आणि एक महास्फोट न मानणारा शास्त्रज्ञ, पाठोपाठ. मराठी साहित्यानं नकळत का होईना, बरोबर जोडी लावली.

परत केंब्रिजकडे. जून १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यात प्रत्येक कणाचं वस्तुमान विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे ठरतं. बाकी कुणीच नसेल तर एकट्या कणाला जडत्वही नाही. माख यांची इच्छा समीकरणात उतरली होती. नारळीकर तेव्हा पंचविशीत. त्याच सभेत आणखी एक तरुण उठला आणि म्हणाला की तुमची ही बेरीज अनंत होते. तो स्टीफन हॉकिंग होता, अजून विद्यार्थीच. आक्षेप जिव्हारी लागणारा होता.

पुढच्याच वर्षी दुसरा घाव बसला. अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनाला सगळ्या दिशांनी सारखाच येणारा मंद खरखराट सापडला होता. तापलेल्या बाल्यावस्थेतल्या विश्वाची ती उरलेली ऊब, असा त्याचा अर्थ लागला. लमेत्र जून १९६६ मध्ये वारले. त्याआधी ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. इकडे नारळीकरांना १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं.

१९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. गंमत बघा, त्याच संस्थेत गोविंद स्वरूप होते. स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला, म्हणजे वसई-दिवा गाडीनं आपण जिकडे जातो त्या बाजूला, ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली होती, आणि मग उटीची प्रचंड दुर्बीण. उटीच्या निरीक्षणांवरून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या, रेडिओ दीर्घिका आजच्यासारख्या नव्हत्या. विश्व बदलत आलंय. स्थिर स्थितीच्या विरोधातला पुरावा नारळीकरांच्या स्वतःच्याच संस्थेतून निघाला.

नारळीकर मात्र वळले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताची सुधारित आवृत्ती आणली. ती फार थोड्यांना पटली. मलाही पुरावा महास्फोटाच्याच बाजूनं दिसतो, आणि नारळीकर शेवटी हरले असं लिहायला माझा हात अडखळत नाही. पण हरले ते उत्तर. जडत्व कुठून येतं, या माख यांच्या प्रश्नावर भौतिकशास्त्रात अजून एकमत नाही.

पुण्यात त्यांनी १९८८ मध्ये ‘आयुका’ उभारली. शाळकरी मुलं स्वाक्षरीसाठी गराडा घालत. ते सही देत नसत. मनातला एक विज्ञानाचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, म्हणत. उत्तर येईल आणि उत्तराखाली सही असेल. कार्डं येत राहिली, उत्तरं जात राहिली. पोस्टकार्डावर जागा किती असते ते आठवा: पत्ता सोडला तर जेमतेम एक बाजू. तेवढ्यात कृष्णविवर समजावून सांगायचं, तेही मराठीत, आणि खाली ‘जयंत नारळीकर’ लिहायला जागा ठेवायची.