फलक आणि हुकूम

‘प्रवेश बंद’ असा फलक दिसतांच आपण मुकाट्यानें गाडी वळवितों. आणि तें योग्यच आहे. परंतु हा फलक कोणाच्या हुकुमानें लागला, हें विचारण्याचा आपला अधिकार मात्र आपण विसरतों.

मोटारींविषयीं अखिल हिंदुस्थानाला लागू असा पहिला कायदा १९१४ सालीं झाला; त्याची जागा १९३९ च्या व पुढें १९८८ च्या कायद्यानें घेतली. आजच्या कायद्याचें ११५ वें कलम सांगतें कीं, लोकांची सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचें वा पुलाचें स्वरूप पाहूनच वाहनांना बंदी घालावी, व ती सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध करावी. बंदी महिन्याभरापुरतीच असल्यास स्थानिक प्रसिद्धि पुरते. म्हणजे अशा बंदीचा फलक ही केवळ दवंडी होय, हुकूम निराळा.

नव्या मुंबईंत सिडको १९७० ची, महानगरपालिका १९९२ ची, तर पोलीस आयुक्तालय १९९४ चें. मग हुकूम मागावा कोणाकडे? २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें यावर तोड काढली आहे. अर्ज भलत्या कचेरींत गेला, तरी तो पांच दिवसांच्या आंत योग्य ठिकाणीं धाडणें तिच्यावर बंधनकारक आहे. उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळालें पाहिजे. हुकुमाची तारीख व नक्कल मागावी. हुकूमच नसेल, अगर त्याचें कारण सरलें असेल, तर फलक काढण्याची लेखी मागणी करावी. तोंवर फलक पाळावाच. तो स्वतः उपटणें कायद्यानें मना आहे. हुकूम दाखवा, असें म्हणणें मना नाहीं.