पाठीवर पिवळा ‘सी’

अंगावरचे कपडे उतरवा. हा जाडाभरडा झगा घाला, टोपी घाला, गळ्यात आकडा कोरलेला पत्र्याचा बिल्ला अडकवा. पुरुष वाचकांनाही आज सुटका नाही. आज तुम्ही लंडनमधली मोलकरीण आहात. मालकिणीच्या कपाटातला कापडाचा तुकडा उचललात, सापडलात, आणि सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

साल १८४१. ‘राजा’ नावाच्या जहाजात तुमच्यासारख्या १८० जणी आहेत. शिडीवरून खाली उतरा, डोकं सांभाळा. डांबर, ओली लोकर, ओकारी आणि न धुतलेली अंगं, सगळ्याचा मिळून एकच वास येतो. जहाज कलंडलं की शेजारीण अंगावर येते, तिच्या मागोमाग भांडी. जेवायला खारवलेलं मांस आणि दातांना न जुमानणारी बिस्किटं.

पण हाताला काम आहे. कैदी बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळातल्या बायकांनी सुया, दोरा आणि छिटाचे तुकडे दिलेत. डेकवर ऊन पडलं की तुम्ही गोधडीला बसता. लाट आली की सुई बोटात घुसते. बोट तोंडात धरायचं आणि पुढचा टाका घालायचा. २,८१५ तुकडे जोडून झालेली ती चादर आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. कापड चोरलं म्हणून हद्दपार केलेल्या बायकांच्या हातांत किती कसब होतं, हे ती पाहिली की कळतं.

वूलिचहून निघालात तेव्हा एप्रिल होता. साडेतीन महिन्यांनी होबार्टला उतरता तो जुलै, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. व्हॅन डिमन्स लँड, आजचं टास्मानिया. पाय जमिनीवर टेकलेत तरी जमीन डुलतेच आहे.

तुम्हाला एका घरी कामाला देतात. पहाटे चूल, रात्री भांडी, पगार नाही. काही महिन्यांनी सकाळी मळमळू लागतं, आणि या खेपेला समुद्र त्याला कारण नाही. पोट दिसू लागलं की मालकीण तुम्हाला पाठवून देते, कॅस्केड्सच्या ‘फॅक्टरी’त, म्हणजे बायकांच्या तुरुंगात. दिवस तुम्हाला गेले, म्हणून गुन्हा तुमचा. त्या घरातल्या पुरुषांपैकी एकालाही कोणी विचारत नाही. या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत निर्दय वाटतं ते हेच.

बाळ अंगावर पितं आहे तोवर ते तुमच्याजवळ. दूध तोडलं की ते वेगळं आणि तुम्ही वेगळ्या. तुमची रवानगी सहा महिने गुन्हेगार वर्गात. जॅकेटच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि घागऱ्याच्या मागच्या बाजूला मोठा पिवळा ‘सी’ शिवलेला, लांबूनही दिसावा असा.

आता धुण्याच्या अंगणात या. ही पूर्वीची दारूभट्टी, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या खोलगट जागेत. वेलिंग्टन पर्वतावर बर्फ आहे आणि वारा थेट तिथूनच येतो. उंच भिंतींआड ऊन जेमतेम डोकावतं. फरशी ओली, बूट ओले, घागऱ्याची किनार ओली. टबातल्या पाण्याची वाफ तोंडावर येते आणि पाठ मात्र गारठलेली. सोड्याच्या साबणाने बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. प्रत्येक कपडा पिळताना त्या नव्याने उघडतात. चहूकडे आपटणं, खोकणं, कुजबुज. बोलायला मनाई आहे, तरी ओठ न हलवता बोलायची कला इथे सगळ्यांनाच येते.

पुढचं गाठोडं सोडा. हे अनाथ मुलांच्या शाळेतलं धुणं. दोन-तीन वर्षांची झाली की तुमच्यासारख्यांची मुलं तिकडेच जातात. तुमचं अजून गेलेलं नाही, पण जाणार आहे. हा वीतभर सदरा घ्या. गळ्यापाशी पेज सांडली आहे. तुम्ही तो हलक्या हाताने चोळता, उसवलेली शिवण बोटाने चाचपता, सुई असती तर आत्ता दोन टाके घातले असते.

“ए, हात चालव! अजून तीन गाठोडी पडलीत!”