समुदाय आरोग्यसेविका आणि कर्करोग संशोधन (महाराष्ट्र)

समुदाय आरोग्यसेविका म्हणजे वस्तीतील वा गावातील लोकांशी परिचय असलेली आणि आरोग्यविषयक कामाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती होय. महाराष्ट्रात कर्करोगाच्या काही मोठ्या संशोधन प्रकल्पांत लोकांचा सहभाग मिळवण्यात अशा कार्यकर्त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे. अमेरिकेतील लॅटिनो समाजात हेच काम 'प्रोमोतोरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया करतात.

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण स्वतःहून रुग्णालयात येतील, अशी वाट न पाहता क्षेत्रीय कार्यकर्ते गावोगावी जाऊन लोकांशी बोलत, लक्षणांची माहिती देत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी प्रवृत्त करत.

मुंबईतील अभ्यास

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. वस्त्यांची २० समूहांत विभागणी करून १० समूह तपासणी गटात व १० तुलना गटात ठेवण्यात आले. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना स्तनांची तपासणी आणि गर्भाशयमुखाला ॲसेटिक आम्ल लावून करायची तपासणी शिकवण्यात आली. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या.

तपासणीतील सहभाग ८९ टक्के होता. मात्र दोष आढळलेल्या स्त्रियांपैकी ७९.४ टक्के स्त्रियांनीच पुढील निदान करून घेतले. तपासणी गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

उस्मानाबादमधील अभ्यास

१९९९ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात गावांचे ५२ समूह आणि ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले.

टीका

दोन्ही अभ्यासांतील तुलना गटाला संशोधनाचा भाग म्हणून तपासणी देण्यात आली नव्हती. उपयुक्त तपासण्या आधीच ज्ञात असताना हे अनैतिक ठरते आणि संमती घेताना स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नाही, असा आक्षेप काही वैद्यकतज्ज्ञांनी घेतला. त्या काळी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत अशी तपासणी प्रत्यक्षात उपलब्धच नव्हती, असा युक्तिवाद समर्थकांनी केला.

प्रशिक्षणातील मुद्दे

या वादामुळे आरोग्यसेविकेच्या भूमिकेतील ताण स्पष्ट होतो. ओळखीच्या बाईवरील विश्वासामुळे सहभाग वाढतो. पण त्याच विश्वासामुळे नकार देणे अवघडही होते. म्हणून प्रशिक्षणात रोगाच्या माहितीबरोबरच पुढील बाबी आवश्यक ठरतात:

* संशोधन आणि उपचार यांतील फरक सोप्या मराठीत सांगणे
* गटांची निवड चिठ्ठी टाकल्यासारखी होते, हे समजावणे
* सहभाग ऐच्छिक असून नकार दिल्यास नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे स्पष्ट करणे
* दोष आढळल्यास निदान व उपचार होईपर्यंत पाठपुरावा करणे

सद्यस्थिती

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून नेमलेल्या 'आशा' कार्यकर्त्या आता ३० वर्षांवरील व्यक्तींची जोखीम-प्रश्नावली भरून त्यांना तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी पाठवतात. हे काम संशोधनाचा भाग नसून सरकारी आरोग्यसेवेचा भाग आहे.