मॅगी वॉकर आणि पै-पैशाची विमासंस्था

गरिबाच्या घरी माणूस दगावला की दुःखाच्या आधी खर्च दारात येऊन उभा राहतो. म्हणूनच आपल्याकडे कित्येक मोहल्ल्यांत आणि जमातींत दरमहा थोडी वर्गणी जमा करून मय्यतीसाठी फंड राखण्याची रीत आहे. कोणी जबाबदार माणूस वहीत नावे लिहितो, पेटी सांभाळतो आणि ज्या घरी मय्यत होते त्या घरी रक्कम पोचवतो. सहकारी विम्याचे तत्त्व तरी याहून निराळे कोठे आहे? अनेकांच्या थोड्या पैशांतून एकाची मोठी अडचण भागवावयाची, इतकेच. मात्र ही वही एखाद्या स्त्रीच्या हाती आली तर ती तिला किती दूरवर नेऊ शकेल, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील रिचमंड शहराच्या मॅगी लीना वॉकर यांच्या चरित्रात सापडते.

मॅगीचा जन्म १८६४ सालचा. त्या वेळी गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची राजधानी रिचमंड हीच होती. मॅगीची आई एलिझाबेथ ड्रेपर ही कृष्णवर्णीय असून एलिझाबेथ व्हॅन ल्यू नावाच्या श्रीमंत गोऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात काम करीत असे. या बाई गुलामगिरीच्या विरोधक होत्या. पुढील वर्षी युद्ध संपले आणि गुलामगिरीही कायद्याने गेली. ज्या अमेरिकन लोकांनी ती नष्ट करण्यासाठी झीज सोसली त्यांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तेव्हा मॅगी नऊ वर्षांची होती. परंतु बेडी तुटली म्हणजे पोट भरतेच असे नाही. १८७६ साली तिच्या सावत्र वडिलांचा मृतदेह जेम्स नदीत सापडला. आईने लोकांचे कपडे धुण्याचे काम धरले आणि कपड्यांच्या टोपल्या घरोघर पोचवण्याचे काम मॅगीकडे आले.

तरीही आईने मुलीची शाळा सुटू दिली नाही. १८८३ साली मॅगी शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडली. गोऱ्या विद्यार्थ्यांचा पदवीदान समारंभ शहरातील नाट्यगृहात आणि कृष्णवर्णीयांचा मात्र चर्चमध्ये, असा तेथे प्रघात होता. मॅगीच्या वर्गाने चर्चमध्ये जाण्यास नकार दिला. कर आमचेही आईबाप भरतात, मग हा भेद का, असा त्यांचा साधा सवाल होता. नाट्यगृह मिळाले नाहीच. पण अखेर समारंभ शाळेच्याच सभागृहात झाला. पुढे तीन वर्षे तिने शिक्षिकेचे काम केले. १८८६ साली आर्मस्टेड वॉकर यांच्याशी विवाह झाला आणि विवाहित स्त्रीने शाळेत शिकवू नये या नियमामुळे नोकरी सुटली. शाळेने एक चांगली शिक्षिका गमावली, ती दुसऱ्या एका संस्थेला लाभली.

ही संस्था म्हणजे ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’. मेरी प्राउट या कृष्णवर्णीय महिलेने १८६७ साली बाल्टिमोर येथे ती स्थापन केली. आजारपणात मदत आणि मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च, हा तिचा हेतू होता. अशा संस्था त्या समाजात पुष्कळ होत्या आणि त्याला सबळ कारण होते. प्रुडेन्शियल या बड्या विमा कंपनीने १८८१ साली असा निर्णय घेतला, की कृष्णवर्णीयांकडून हप्ता गोऱ्यांइतकाच घ्यावयाचा, पण मृत्यूनंतरची रक्कम एक तृतीयांशाने कमी द्यावयाची. १८९६ साली त्याच कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहून हा समाज विम्यास पात्रच नाही असे आकड्यांनी ‘सिद्ध’ केले. दारिद्र्याने, कोंदट वस्तीने आणि औषधपाण्याच्या अभावाने येणारे मृत्यू त्यांनी वंशाच्या माथी मारले. ज्यांना बाजार दारात उभे करीत नाही त्यांनी एकमेकांचा विमा उतरवावा, हाच मार्ग उरला होता.

मॅगी वयाच्या चौदाव्या वर्षीच ऑर्डरची सभासद झाली होती. आजारी सभासदांची शुश्रूषा करण्यापासून तिने एकेक पायरी चढली. १८९५ साली मुलांसाठी स्वतंत्र शाखा काढण्यात तिचा पुढाकार होता. १८९९ साली ऑर्डरचे प्रमुख चिटणीसपद तिच्याकडे आले, तेव्हा संस्था अखेरच्या घटका मोजत होती. तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट आणि देणी ४०० डॉलरची! आधीच्या पुरुष चिटणीसांना वर्षाला ३०० डॉलर मिळत; वॉकरबाईंना १०० डॉलर ठरले. कामाचा बोजा मात्र तिप्पट होता.

त्यांनी आधी हिशेब सरळ केले, मग गावोगाव फिरून सभासद वाढवले. १९०१ च्या अधिवेशनात त्यांनी सांगितले की आपले पैसे दुसऱ्यांच्या बँकेत ठेवून आपल्यालाच त्याचा उपयोग नाही. आपले वर्तमानपत्र हवे, बँक हवी, उद्योग हवा. १९०२ साली ‘सेंट ल्यूक हेरल्ड’ हे पत्र निघाले आणि २ नोव्हेंबर १९०३ रोजी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पेनी म्हणजे तेथील पैसा. पहिल्या दिवशी सुमारे २८० लोकांनी ८ हजार डॉलरहून अधिक रक्कम ठेवली. एकाने तर अवघे ३१ सेंट ठेवले. त्याचेही खाते उघडले गेले. बँक सनद मिळवून तिचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. मुलांना पैसे साठवण्याच्या छोट्या पेट्या दिल्या जात. डॉलर जमला की मुलाचे खाते सुरू होई. १९२० पर्यंत या बँकेच्या कर्जावर ६०० हून अधिक कुटुंबे स्वतःच्या घराची मालक झाली होती.

त्यांचे सारेच बेत फळाला आले असे नाही. १९०५ साली काढलेले ‘सेंट ल्यूक एम्पोरियम’ हे मोठे दुकान सात वर्षांच्या आत बंद पडले. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक माल मिळू नये म्हणून अडवणूक केली हे खरे. पण आपलेच लोक दोन पैसे वाचवण्यासाठी पलीकडच्या दुकानात जातात, हे शल्य वॉकरबाईंनी भाषणात उघड बोलून दाखवले. १९१५ साली त्याहून भयंकर प्रसंग आला. चोर समजून मुलाने झाडलेली गोळी लागून त्यांचे पती मरण पावले. मुलावर खटला चालला व तो निर्दोष सुटला. त्या अवस्थेतही संस्थेतील काही जणांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रयत्न केला. परंतु सभासदांनी विश्वास काढून घेतला नाही, कारण सोळा वर्षांचा चोख हिशेब त्यांच्यासमोर होता. चारित्र्य आणि हिशेब या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत, हे येथे ध्यानात येते.

१९२४ च्या सुमारास ऑर्डरचे सभासद ५० हजारांहून अधिक आणि मालमत्ता जवळजवळ ४ लाख डॉलर होती. माझ्या मते त्याहूनही मोलाची गोष्ट कचेरीत घडत होती. रिचमंडमधील बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नशिबी धुणीभांडी किंवा तंबाखूचा कारखाना होता. ऑर्डरच्या कचेरीत त्याच घरांतील मुली कारकून व टंकलेखक म्हणून खुर्चीवर बसल्या. उतारवयात पायांनी दगा दिल्यावर वॉकरबाई चाकांच्या खुर्चीतून कचेरीत येत. १९३० च्या मंदीत त्यांनी आपली बँक शहरातील इतर कृष्णवर्णीय बँकांशी जोडून तगवली. १५ डिसेंबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर, म्हणजे तब्बल ३५ वर्षे, चिटणीसपद त्यांच्याकडेच होते. बँक २००५ मध्ये दुसऱ्या बँकसमूहाच्या ताब्यात गेली. रिचमंडमधील त्यांचे घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केले आहे आणि २०१७ साली शहरात त्यांचा पुतळाही उभारला गेला.

हे सारे येथे मांडण्यामागे एक हेतू आहे. आपल्या संस्थांच्या देणगीदारांच्या यादीत भगिनींची नावे असतात. बक्षीस समारंभात मुली पुढे असतात. मात्र हिशेबाची वही आणि पेटीची किल्ली आपण त्यांच्या हाती क्वचितच देतो. माझ्या वर्गाच्या सहलीची वर्गणी गेली काही वर्षे मी मुलींकडे जमा करण्यास देतो. पावती प्रत्येकाला मिळते आणि शेवटी उरलेले सुटे पैसेही टेबलावर येतात. वॉकरबाईंचे कार्यही ३१ डॉलर ६१ सेंटपासूनच सुरू झाले होते. सुरुवात लहान आहे म्हणून आपण तरी ती का लांबणीवर टाकावी?