आयएनएस गोदावरी (एफ२०)

आयएनएस गोदावरी (एफ२०) ही भारतीय नौदलाची क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट होती. भारतात आराखडा तयार करून भारतातच बांधलेली ही पहिली फ्रिगेट होय. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही नौका १० डिसेंबर १९८३ ते २३ डिसेंबर २०१५ या काळात नौदलाच्या सेवेत होती. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून पैठणमार्गे बंगालच्या उपसागराकडे वाहणाऱ्या गोदावरी नदीवरून तिचे नाव ठेवण्यात आले. गंगा आणि गोमती या तिच्या भगिनी नौका होत.

== रचना ==

माझगाव डॉकमध्ये यापूर्वी निलगिरी वर्गातील फ्रिगेट ब्रिटिश लिअँडर आराखड्यानुसार बांधल्या जात. नौदलाच्या आरेखनकारांनी त्याच आराखड्याचा विस्तार करून सुमारे १२६ मीटर लांबीची नौका साकारली. ३०,००० अश्वशक्तीची बाष्पचलित यंत्रणा मात्र तीच ठेवण्यात आली. आकार वाढूनही नौकेचा कमाल वेग सुमारे २७ नॉट राहिला. सोव्हिएत क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य व भारतीय उपकरणे आणि दोन सी किंग हेलिकॉप्टरे यांचा मेळ तिच्यात घातलेला होता.

== सेवा इतिहास ==

=== ऑपरेशन कॅक्टस ===

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांच्या साहाय्याने सत्तापालटाचा प्रयत्न झाला. भारतीय छत्रीधारी सैनिक माले येथे पोहोचताच बंडखोरांपैकी काहींनी 'प्रोग्रेस लाइट' हे मालवाहू जहाज बळकावले आणि ओलिसांसह श्रीलंकेच्या दिशेने पलायन केले. ओलिसांमध्ये मालदीवचे एक मंत्रीही होते. गोदावरी व आयएनएस बेटवा यांनी जहाजाचा पाठलाग केला. वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर ६ नोव्हेंबर रोजी नौदलाने गोळीबार करून जहाज थांबविले. त्यानंतर बंडखोरांनी शरणागती पत्करली. या घटनाक्रमात काही ओलिसांचा मृत्यू झाला.

=== सोमालिया व एडनचे आखात ===

डिसेंबर १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील भारतीय सैन्य सोमालियातील किसमायो बंदरातून परतताना गोदावरी, गंगा आणि आयएनएस शक्ती यांनी साहाय्य केले. पुढे गोदावरीने एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्त घातली. जून २०११ मध्ये सोमाली चाच्यांनी सोडलेल्या 'सुएझ' जहाजाच्या मदतीसाठी गेली असता पाकिस्तानी युद्धनौका बाबर तिला घासून गेली. या घटनेबद्दल दोन्ही देशांनी परस्परांना दोषी ठरविले.

== निवृत्ती ==

२३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई येथे नौका निवृत्त झाली. गोदावरीच्या बांधणीतून मिळालेल्या अनुभवाचा उपयोग पुढील ब्रह्मपुत्रा वर्गातील फ्रिगेटच्या आराखड्यात झाला.