परिवीक्षा आणि नुकसानभरपाई (मारहाणीच्या अपिलांत)

परिवीक्षा म्हणजे दोषी ठरलेल्या व्यक्तीस तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर मोकळे सोडणे. भारतातील दुखापतीच्या खटल्यांत अपील न्यायालय शिक्षेच्या जागी असा आदेश देते, तेव्हा जखमी व्यक्तीच्या भरपाईचा प्रश्न त्याच्यासोबतच उभा राहतो.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 नुसार मृत्युदंड वा जन्मठेप होऊ शकत नाही अशाच गुन्ह्यात, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला असल्यास तो विचारात घेऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सुटका करता येते. म्हणून 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतील कलम 325 ची जबर दुखापत या सवलतीत बसते, पण घातक हत्याराने केलेली कलम 326 ची जबर दुखापत, तिला जन्मठेपेची तरतूद असल्याने, बसत नाही. हा अधिकार कलम 11 ने अपील न्यायालयालाही दिला आहे. अपील निकाली निघेपर्यंत बरीच वर्षे लोटतात आणि तो काळ आरोपीच्या बाजूने मोजला जातो. जखमीचे अपंगत्व मात्र काळाने कमी होत नाही, आणि म्हणूनच भरपाईविना दिलेली परिवीक्षा अपुरी ठरते.

सुटकेबरोबर भरपाई देण्याची सोय त्याच अधिनियमाच्या कलम 5 मध्ये आहे, तर शिक्षा कायम राहिल्यास दंड प्रक्रिया संहितेचे कलम 357 (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 395) लागू होते. हरी सिंग विरुद्ध सुखबीर सिंग (1988) या हरियाणातील खटल्यात मारहाणीमुळे जखमीच्या वाचाशक्तीवर कायमचा परिणाम झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची परिवीक्षा न बदलता भरपाई 50,000 रुपयांपर्यंत वाढवली आणि कलम 357 चा अधिकार सर्व न्यायालयांनी सढळपणे वापरावा, मात्र रक्कम ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप व आरोपीची ऐपत पाहावी, असे सांगितले. तरीही हा अधिकार फारसा वापरला गेला नाही. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2013) या खटल्यात त्याच न्यायालयाला, भरपाई द्यावी की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर असले तरी तिचा विचार करणे व कारणे नोंदवणे बंधनकारक आहे, असे स्पष्ट करावे लागले. भरपाई अपुरी वाटल्यास पीडितास त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क 2009 च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने मिळाला. शिवाय कलम 5 खाली मिळालेली रक्कम नंतरच्या दिवाणी दाव्यात विचारात घेतली जाते.